मामाजींचा जिन्यावरचा वर्ग

शाळेवर अख्ख्या अकोल्यात सगळ्यात जास्त श्रद्धा कुणाची असेल, तर ती चौथीनंतर शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माझ्या सासऱ्यांची! मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांचा जन्म सगळा भाजीबाजारात गेला. पहाटे अडत्याच्या ओट्यावर उभं राहून हर्रास बोलायचा, म्हणजे वांग्या-मेथीच्या ढिगांचा लिलाव पुकारायचा, हे त्यांचं काम. आवाज असा, की मोर्णा नदीच्या पलीकडचं गिऱ्हाईक अलीकडे यावं. पुढे शाळा मोबाईलवर भरू लागली, बाजारही आखडला आणि या आवाजाला एकच काम उरलं, ते म्हणजे माझ्या चौथीतल्या सईचा अभ्यास.

त्यांनी तो अभ्यास असा काही अंगावर घेतला की विचारू नका. मोबाईल उंच धरून त्यांनी अख्खं घर पालथं घातलं आणि नेटवर्क सापडलं ते गच्चीच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर. झालं, तिथेच शाळा! सईच्या खाली तुरीच्या पोत्याची बैठक, मोबाईलला तांब्याचा टेकू. दहा वाजता तास, तर हे साडेनऊलाच अंघोळ करून, पांढरा सदरा आणि टोपी घालून खाली तिसऱ्या पायरीवर हजर. कॅमेऱ्यात ते दिसत नव्हते, तरी टोपी हवीच. "मास्तरीन बाई समोर हाय ना वं! बोडक्यानं बसू काय?" तास चालू असताना कूलर बंद. जूनच्या उकाड्यात आम्ही सगळे घामानं निथळत असायचो, पण कूलरच्या घरघरीत बाईंचा एक शब्द बुडता कामा नये. मला कुकर लावायचीही बंदी होती, कारण शिट्टीनं म्हणे भागाकार चुकतो. गल्लीत ओरडत येणाऱ्या भाजीवालीला तर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "बाई, घंटाभर इशाऱ्यानं वीक." ती बिचारी खरंच दोडका हलवून दाखवत जायची! अपूर्णांक शिकवायला त्यांनी टरबूज कापलं आणि एक अष्टमांश म्हणजे किती, हे सईला कळेपर्यंत आम्हा सगळ्यांना टरबूज खायला लावलं.

एवढं करूनही एक गोष्ट जमत नव्हती. घरात अखंड चिवचिव करणारी सई बाईंनी नाव घेतलं की मुकी व्हायची. उत्तर येत असायचं, पण ओठ हलायचे नाहीत. एक दिवस बाईंचा फोन आला, "अहो, पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे. ही अशीच गप्प बसली तर मी गुण कशाचे देऊ?" मामाजींना ते फार लागलं. "मी जलमभर बोंबललो, न माह्या नातीनचा आवाज निंगत नाही?" असं म्हणून ते अर्ध्या भाकरीवर उठले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "सतरा नव्वे किती? कोण सांगेल?" सईनं पडद्यावरचा हात वर करायचं बटण दाबलं आणि ती गप्प बसली. मामाजींना राहवेना. "हात वर केल्यानं का माल भेटते? बोली लावा लागते!" म्हणत ते चार पायऱ्या चढून मोबाईलसमोर उभे राहिले. माईक चालूच होता. "एकशे त्रेपन्न! बोली आमची! एक बार... दो बार..." अख्ख्या वर्गात ते घुमलं. बाई दचकल्या, पोरं खदखदली. कुणीतरी म्हणालं, "बाई, सईच्या घरात वेडा माणूस शिरला!"

मी खाली कपाळाला हात लावून उभी. आणि तेवढ्यात तो आवाज आला, बारीक, पण थेट. "वेडे नाहीत ते! माझे आजोबा आहेत. त्यांना सतराचा पाढा उलटा येतो. मलासुद्धा येतो!"

बाई म्हणाल्या, "म्हण बरं मग."

"एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस..." सई सुटली ती थेट सतरावर येऊन थांबली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मामाजी टोपी हातात घेऊन जिन्यावरच बसले आणि ढसाढसा रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू! तोंडी परीक्षेत तर सईला थांबवताना बाईंच्या नाकी नऊ आले.

पुढे शाळा पुन्हा उघडली. पहिल्या दिवशी सईला सोडायला आम्ही दोघं गेलो. फाटकाशी पोचताच तिनं मामाजींचं बोट सोडलं आणि मैत्रिणींना हाका मारत ती आत धावत सुटली. मामाजी बराच वेळ तिथेच उभे होते.

"मांगं पाह्यलं बी नाही वं तिनं," ते म्हणाले. "जमलं आपलं काम."

ते आनंदानंच म्हणाले, अगदी मनापासून. पण परत निघालो तरी त्यांचं बोट कुणीतरी धरावं तसं बाजूला काढलेलंच होतं. मी ते न पाहिल्यासारखं केलं आणि ऑटो शोधू लागले.