अकरा जण, एकच चेहरा

तू टीमचं काम अंगावर घेतोयस, म्हणून आधी एक विचारतो. मैदानावर विश्वास कोणावर ठेवायचा? समोरच्या टीमवर, रेफरीवर, की आपल्या माणसांवर? लगेच उत्तर देऊ नकोस. चहा घे.

इथे एडिसनच्या ओक ट्री रोडवर माझं किराण्याचं दुकान. आपल्या पोरांच्या फुटबॉल टीमच्या जर्सीवर दुकानाचं नाव, म्हणून दर रविवारी मी साइडलाइनवर हजर. पाच-सहा वर्षांत किस्से इतके साठलेत, की दुकानातला माल संपेल, हे संपणार नाहीत. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. माणसांमधलं थोडं कळतं, ते गिऱ्हाइकांनी शिकवलं.

*

दोन हजार दोनचा स्प्रिंग. लीगमधली आमची पहिलीच मॅच. समोरच्या टीमचा कोच स्वतः चालत आमच्याकडे आला. माणूस प्रेमळ. लहान मुलांशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "हे क्रिकेट नाही. इथे बॉलला हात लावायचा नसतो. नो हँड्स."

जो समोर उभा होता त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, "थँक यू, सर" म्हणाला आणि हातमोजे चढवले. आमचा गोलकीपर होता तो.

*

मिलिंद नागपूरहून आला, तो पुढच्या वर्षी. आमचा कॅप्टन समीर पुण्याचा. त्यानं हात मिळवला आणि विचारलं, "मिलिंद... पुढे?"

"पुढेच. सेंटर फॉरवर्ड."

आडनाव काही त्यानं सांगितलं नाही. समीरनं ते लीगच्या फॉर्मवर वाचून घेतलं.

पोरगं मात्र खेळायचं असं, की समोरच्या टीमच्या आयासुद्धा टाळ्या वाजवायच्या. सगळ्या लीगमधून निवडून एक टीम दर उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला जायची. तिच्यात आजवर आपल्यातला एकही गेला नव्हता. मिलिंदचं नाव यादीत आलं, तेव्हा त्यानं दुकानातून नागपूरला आईला फोन लावला. कॉलिंग कार्ड संपेपर्यंत बोलत होता.

*

एकदा साइडलाइनवरून कोणीतरी समीरला ओरडलं, "जा, पेट्रोल भर जा!"

हाफटाइमला समीर लालबुंद. "काका, मी एम.टेक. आहे. पंपावरचा वाटलो मी त्याला?"

मी थर्मासमधला चहा त्याला ओतून दिला. ओतण्यात माझा हात चांगला आहे. एडिसनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी पंपावर पेट्रोलच भरलं.

*

शनिवारी सकाळी दुकानातल्या टीव्हीवर युरोपातली मॅच लागायची. एक जपानी पोरगा तिकडच्या क्लबकडून खेळत होता. तो कॉर्नर घ्यायला गेला की मागचे प्रेक्षक बोटांनी डोळे ताणून त्याला वेडावायचे. समीरला बघवेना. "कसले हलकट लोक आहेत यार. काका, आपण निषेधाचं पत्र पाठवू या."

रविवारी आमची मॅच कोरियन चर्चच्या टीमशी. समीर सगळ्यांना सूचना देत होता, "त्या सात नंबरच्या चिन्याला सोडू नका."

मिलिंद म्हणाला, "कोरियन आहेत ते."

"एकच रे."

पत्र काही गेलं नाही. पोस्टाची तिकिटं मी देणार होतो.

*

मॅचआधी रेफरी प्रत्येकाचं फोटोवालं कार्ड तपासतो. एकदा समीर दोन यलो कार्डांमुळे बाहेर होता, तर दुसऱ्याच्या कार्डावर खेळला. त्या दुसऱ्याला मिशी. रेफरीनं फोटो पाहिला, समीर पाहिला, मान हलवली.

"त्यांना आपण सगळे सारखेच दिसतो काका," समीर म्हणाला. "मग फायदा का सोडायचा?"

धंदेवाईक माणूस मी. मला पटलं.

*

आणि मग ती मॅच. समोरचा चार नंबर पहिल्या मिनिटापासून समीरला पुटपुटत होता, ओसामा काय, उंट काय. कॉर्नरच्या गर्दीत समीरनं त्याच्या तोंडावर कोपर मारलं. तो पडला, ओठ फाटला. मिलिंद त्याला उचलायला वाकला, तेवढ्यात रेफरी वळला. रेड कार्ड मिलिंदला. सीझनभर बंदी, आणि फिलाडेल्फियाच्या यादीतून नाव जाणार.

आम्ही अपील केलं. फायर स्टेशनच्या वरच्या हॉलमध्ये लीगचे तीन म्हातारे टेबलामागे, समोर आमची सगळी टीम आणि मी. समीर लॅपटॉप घेऊन आला होता. चौदा स्लाइड्स. इंग्रजी तर असं फर्डं, की मलाच अभिमान वाटला. "तुम्हाला आम्ही सगळे सारखेच दिसतो, हा वंशभेद आहे," या वाक्यावर त्यानं संपवलं.

मधल्या म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "तुझं बरोबर आहे. आम्हाला लाज वाटायला हवी. मिलिंदवरची बंदी मी आत्ता उठवतो. तुम्हाला तर एकमेकांचे चेहरे ओळखू येतात. कोपर कोणी मारलं, एवढं सांगा."

समीरनं लॅपटॉप मिटला. त्याचं ग्रीन कार्डचं काम चालू होतं, मारामारीची नोंद त्याला नको होती. "सर, आमचं लक्ष बॉलकडे होतं."

"सगळ्यांचं?"

सगळ्यांनी माना हलवल्या.

म्हातारा मिलिंदकडे वळला. "तुला माहीत आहे?"

"हो सर. मला हे सगळे वेगवेगळे दिसतात."

"मग नाव सांग."

"मी मारलं नाही, एवढं मी सांगितलं. बाकीचं ज्याचं त्यानं सांगावं."

मग म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुम्ही साइडलाइनवर होता. तुम्ही काय पाहिलंत?"

अकरा जण माझ्याकडे बघत होते. मिलिंदही.

मी म्हणालो, "सर, माझ्या डोळ्यांवर ऊन होतं."

बंदी कायम राहिली. ऑगस्टमध्ये मिलिंदनं लांब दुसऱ्या राज्यात, नोव्हायला नोकरी धरली. जायच्या दिवशी जर्सी धुऊन, इस्त्री करून काउंटरवर ठेवून गेला.

ही घे टीमची वही. कोणाला कोणतं कार्ड मिळालं, कोणी गोल केला, सगळं हिच्यात आहे. प्रत्येक मॅचपुढे हवामानाचाही रकाना आहे. त्या रविवारचा मी कोरा ठेवलाय. तेवढा तू भर, आणि खरं लिही.

सकाळपासून ढगाळ होतं.