आधी दहा श्वास

परळीचे हवालदार महालिंग आणि मी सीमेवरच्या एकाच लष्करी चौकीवर होतो. उंची अकरा हजार फूट, माणसं बावीस. मी शिरूर कासारचा, नोकरीचं दुसरं वर्ष. पहाटेचं स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, संपलं की सगळे चहाकडे वळायचे. हवालदार मात्र बंकरच्या भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं डोळे मिटून बसायचे. त्यांच्या वडिलांचं परळीत देवळाजवळ बेल-फुलांचं दुकान होतं. मला वाटलं, जप करत असतील. एकदा हसू आलं.

"कामून हसतो रे? बस हितं. श्वास मोज. दहा झाले की परत एकपासून."

मला चारच्या पुढे जाता येईना. लगेच घर आठवायचं, आटलेली विहीर, ऊसतोडीला गेलेले आई-वडील. हवालदार म्हणायचे, मन पळालं तर चिडायचं नाही, पुन्हा एकपासून मोजायचं. महिनाभरात एवढंच झालं की मला झोप लागू लागली आणि जेवणाच्या लंगरमधली माझी रोजची भांडणं थांबली.

बर्फ वितळू लागला की जमिनीतले सुरुंग जागा सोडतात. त्या दिवशी आमची सहा जणांची गस्त होती. हवालदार पुढे, त्यांच्यामागे मी. दहा वाजून दहा मिनिटांनी स्फोट झाला. त्यांचा उजवा पाय घोट्यापासून गेला. रक्त थांबवायला रायफलचा पट्टा त्यांनी स्वतःच मांडीला आवळला. मी आठ पावलांवर होतो. धावायला निघालो.

"थांब," ते म्हणाले. "आदी दहा मोज."

मी उभ्या जागी दहा श्वास मोजले. मग गुडघ्यांवर बसून संगीन तिरकी खुपसत वाट तपासत गेलो. पाचव्या पावलाच्या जागी टोकाला टणक लागलं. दुसरा सुरुंग होता. त्याला वळसा घालून हवालदारांपाशी पोचायला वीस मिनिटं लागली. मागे रेडिओ चालू होता.

"वन कॅज्युअल्टी. माइन. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वेदर खराब. वेट. आउट."

आम्ही त्यांना उचलून खाली आणलं. सव्वा वाजता ढग उघडले. हवालदार एक वाजताच गेले होते.

पेन्शनीत आलो तेव्हा तालुक्यात दुष्काळ होता. मी गावच्या दूध संस्थेत कामाला लागलो. पाण्याचा टँकर यायच्या आधी आठ-दहा जण माझ्याबरोबर संस्थेच्या ओट्यावर डोळे मिटून बसतात. यानं पाणी येणार हाय का, असं कुणी विचारतं. न्हाई, मी सांगतो. पण रांगेतल्या भांडणात उचललेला हात मध्येच थांबलेला मी दोनदा पाहिला आहे.

हवालदार गेल्यावर पहिल्याच सुट्टीत मी परळीला गेलो होतो. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी विचारलं, जाताना त्यांना त्रास झाला का. भेटायला आलेल्या प्रत्येकानं झाला नाही असंच सांगितलं होतं.

"झाला, वहिनी. लई झाला. पण घाबरले न्हाईत. मलाच सांभाळत होते."

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"खरं सांगितलं तुमी. म्हंजे तुमीच व्हता त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या.