मडगार्डातला फेटा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही, आणि ती तर माझा चेहरा पाहूनच पोटातलं ओळखायची. ती गेली, तिलाही नाही सांगितलं. आज तुम्ही समोर बसला आहात तर बोलतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या—हे सांगायची मला सवय नाही.

माझ्या दुकानाच्या काचेत तो मोटारीचा फोटो आहे ना? काळीभोर गाडी, झेंडूचा हार, मागे नदीकाठची काळ्या दगडाची भिंत, सकाळचं तिरपं ऊन. लोक अजून त्याच्यापुढे थबकतात. विचारतात, एवढ्या चकचकीत मडगार्डात काहीच कसं उमटलेलं नाही हो? मी हसून वेळ मारून नेतो. दुसरं काय करणार?

दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. नाशकात नवी मोटार आली की पोरंसोरं तिच्या मागे धावायची, आणि मी नुकताच मोटारींचे फोटो काढायला लागलो होतो. लागलो होतो म्हणजे—काचेच्या प्लेटी नासवत होतो! भर दुपारी काढायचो. मग बॉनेट चुना फासल्यासारखं पांढरं आणि चाकं अंधारात गडप. एकदा तर गाडीच्या टपातून विजेचा खांब उगवला होता. आणि दारावर हमखास मीच उमटलेला, डोक्यावर काळं फडकं घेतलेला. पण दोष कुणाचा? उन्हाचा, गाडीचा, पॉलिशचा. नाचता येईना, अंगण वाकडं!

अशात निफाडच्या एका बागायतदाराने नवी गाडी घेतली आणि तिचा फोटो काढायला मला सांगितलं. भिकाजी हा त्याचा ड्रायव्हर. माझ्याहून वयाने बराच मोठा, शांत माणूस. सकाळी गाडी घेऊन पंचवटीत यायचा आणि मी म्हणेन तशी पुढेमागे करायचा. जरा तिरपी घ्या, नाक आणि कूस दोन्ही दिसू द्या. भिंतीपासून लांब. नको, परत मागे. दुसरा कुणी असता तर माझं डोकं फोडलं असतं. हा एवढंच म्हणायचा, "घ्या मास्तर, तुमच्या मनाजोगं होऊ द्या." कोवळं ऊन, गुडघ्याएवढा खाली आणलेला कॅमेरा, मागची मोकळी जागा—ह्या साऱ्या गोष्टी मी त्याच्या सोशिकपणावर शिकलो.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा नदीकाठी होतो. धन्याच्या गाडीचे फोटो झाले. एक प्लेट उरली. मी म्हणालो, भिकाजी, ह्यात तुम्हीही उभे राहा. काय लाजला तो! फेटा सोडून पुन्हा बांधला. मी म्हटलं, गाडीला जरा टेका, एक पाय फूटबोर्डवर ठेवा. त्याने जीभच चावली. "धन्याची गाडी हाय, मास्तर. कालच पुजलीय. तिला पाय कसा लावू?" आणि मडगार्डापासून हातभर अंतर राखून, हात खाली सोडून, ताठ उभा राहिला. धोतर, सदरा, फेटा, सगळं पांढरंशुभ्र. फोटो झाल्यावर म्हणाला, "आजवर माजा एक बी फोटू नाय." मी छापून द्यायचं कबूल केलं.

आणि नेमकं त्याच प्लेटवर सगळं जुळून आलं. ऊन बॉनेटवरून असं काही घरंगळलं होतं की माझाच विश्वास बसेना. फक्त—फक्त नजर गाडीवर ठरेना. ती त्या पांढऱ्या फेट्याकडे जायची. मला तर मोटारीचा फोटो हवा होता. काचेत लावायला, नाव व्हायला.

प्लेटवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. तो काळा थर पात्याने हलके खरवडला की छापात ती जागा गडद होते. भिकाजी पांढरा, मागची भिंत काळी. ह्याहून सोपं काम नव्हतं. मी त्याला खरवडून काढलं. तो उभा होता तिथे भिंत आली. त्याला काय, पुन्हा कधी काढून देऊ—असं मी स्वतःला म्हणालो.

पुन्हा कधी? दिवाळी झाली आणि भिकाजी विषमज्वराने गेला.

त्याची बायको माझ्या दुकानात आली. निफाडहून, एकटी. काचेतल्या फोटोसमोर कितीतरी वेळ उभी होती. मग आत येऊन म्हणाली, "दादा, घरधनी म्हनले व्हते, गाडीसंगं माजा फोटू निघालाय. ह्यात त्ये दिसत न्हाईत."

मी खरं सांगू शकत होतो. दुकानात तिसरं माणूस नव्हतं. पण तिला काय सांगू, तुझा नवरा मी पात्याने खरवडला? उचलली जीभ, लावली टाळ्याला—मी म्हणालो, "तो उभाच नव्हता, बाई. उगाच सांगितलं असेल तुम्हाला."

मेलेल्या माणसाला मी त्याच्या बायकोसमोर खोटं पाडलं. ती बाहेर गेली, पुन्हा त्या फोटोपाशी वाकली आणि मला हाक मारली. तिचं बोट मडगार्डावर होतं. "ह्ये कोन?"

मी वाकून पाहिलं. मडगार्डाच्या चकाकीत भिकाजी उभा होता. बोटाच्या पेराएवढा, जरा वाकलेला, पण तोच. फेटा, सदरा, खाली सोडलेले हात. धन्याच्या गाडीला टेकला असता तर असा उमटला नसता. ती काच मी रोज पुसत होतो, मला एकदाही दिसला नव्हता!

आणि तेव्हा मी काय बोललो असेन? म्हणालो, "तो मी आहे. चकचकीत गाडीत फोटो काढणारा उमटतोच."

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे काळी टोपी होती. जन्मात मी कधी फेटा बांधला नाही. "बरं दादा," म्हणाली, पदर सावरला आणि चालू लागली.

थांबा. एवढंच असतं तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं.

ती वळणाआड जाताच मी काचेतला फोटो काढून फाडला. मग प्लेट काढली, उजेडासमोर धरली, आणि मडगार्डातला भिकाजीही खरवडला. दुसऱ्या कुणी बोट ठेवू नये म्हणून. हात कापेल असं वाटलं होतं. कापला नाही. इतकं साफ काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. माझाच हात तो, आणि आजही आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

काचेत आहे तो त्यानंतरचा छाप. नवशिकी पोरं येतात, मडगार्ड इतकं स्वच्छ कसं ठेवलं म्हणून विचारतात. मी त्यांना कोवळं ऊन सांगतो, तिरपी गाडी सांगतो.

भिकाजीचा तेवढाच एक फोटो होता.