खाऱ्या पाण्यातला खण

लग्न झाल्यापासून आई माझ्या बायकोशी एक शब्द बोलली नव्हती.

आज आईला जाऊन वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

लुचिया इटलीची. आमचं रजिस्टर लग्न तिकडंच झालं. आई आली नाही. सुनेची ओटी भरायची राहिली, ती राहिलीच.

पुढं तिकडंच माझं ऑपरेशन झालं म्हणून आई एकटीच विमानात बसली. बाबा गारखेड्यातल्या घरी थांबले.

एअरपोर्टवरच तिनं मला क्लिअर केलं, "मी तुझ्यासाठी आले. बाकी कुणासाठी नाय."

घरात दोघींचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. मीठ कमी आहे, हेसुद्धा.

लुचियाचं माहेर म्हणजे मासेमारांचं जुनं गाव. गावामागं डोंगर उतरून गेलं की दोन खडकांच्या मध्ये एक छोटा किनारा आहे. आमच्या हॉलएवढा. निळंशार पाणी आणि माणूस नाही.

लुचिया आम्हाला तिथं घेऊन गेली.

आईनं पिशवीतून हिरवा खण, नारळ, तांदूळ काढले.

"हे कशाला आणलंस?"

"नव्या पाण्यात रिकाम्या हातानं पाय घालू नाय."

पैठणला गोदावरीची भरायची, तशीच तिनं त्या समुद्राची ओटी भरली.

खडकाआड एक म्हातारा जाळं शिवत होता. बाईचं सामान वाहून चाललंय असं त्याला वाटलं. तो कपड्यांसकट पाण्यात शिरला आणि खण-नारळ घेऊन हजर!

आई भडकली. "दिलेलं परत घेतात व्हय? सांग त्याला!"

म्हातारा निथळत उभा. लुचिया रडायच्या बेतात.

आईनं तिच्याकडं पाहिलं.

मग म्हणाली, "देवीला ओटी भरली की पुजारी प्रसाद म्हणून माघारी देतो. तसंच हाय हे. ये गं इकडं. पदर नाय तर तो टॉवेल धर."

लुचियाला तेव्हा मराठी येत नव्हती. तिनं टॉवेल पुढं धरला.

ओला खण, नारळ, थोडी वाळू. आईनं सगळं त्यात घातलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

मी बाजूला उभा होतो. मला फार बरं वाटलं.

नंतर आम्ही इकडं राहायला आलो, तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या टेलरकडं लुचियानं त्या खणाचं ब्लाउज शिवायला टाकलं. तो म्हणाला, "भाभी, इसका तो रंग उड गया. दुसरा पीस लाव ना."

ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नको. सासूबाईंनी दिलं."

आज वर्षश्राद्धाला तेच घालून ती पंगतीत वाढतेय.

आई, उन्हाळ्यात आम्ही तिथं जातोय. नारळ इथूनच नेऊ.

तुझी आठवण येते. नमस्कार.