अर्ध्या बिडीची बातमी

गँगवाले आबा अंतर, वेळ आणि बातमी या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजत. ते माप म्हणजे बिडी. लोणावळा स्टेशनपासून त्यांचं भुशीचं घर चार बिड्यांवर होतं, खंडाळा तीन बिड्यांवर. तिकोणा पेठेला त्यांची बहीण दिली होती. ते गाव किती लांब, असं कुणी विचारलं तर म्हणत, "अख्खं बंडल लागतं. म्हनून तर जाणं हुत न्हाई." आमच्या वाचनालयात संध्याकाळी पाच वाजता मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. एकेक बातमी संपली की दाराजवळून आबांचा निकाल येई. "पाव बिडी." "अर्धी बिडी." एका बड्या साहेबाच्या भाषणाला ते म्हणाले होते, "हिच्यासाठी काडीबी वडू नगं." पूर्ण बिडीची बातमी महिन्यातून एखादीच निघे.

आबांचा जन्म घाटात रुळांवर गेला होता. आधी गँगमन, मग गँगचे मुकादम. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रूळ तपासत चालायचं, ढिली खुंटी दिसली की ठोकायची. पेन्शनीत निघाल्यावरही ते खाली बघतच चालत. वाटेत कुणी रामराम घातला तर आधी त्याच्या वहाणा बघत आणि मग तोंड. "वहाणंवरनं मानूस लवकर वळखू येतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांना अक्षर येत नव्हतं. आगगाडीच्या डब्यांवरचे आकडे तेवढे ओळखत.

अक्षर न येणारा माणूस रोज चार बिड्या चालून वाचनालयात का येतो, याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा धोंडू पलटणीत होता आणि पलटण समुद्रापार लढाईवर गेली होती. धोंडूची पत्रं येत, पोस्टमन ती वाचून दाखवी. पण आपण कुठे आहोत हे लिहायला शिपायांना मनाई होती. 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी' यापुढे पत्र जात नसे. म्हणून आबा वर्तमानपत्रात मुलाला शोधत. आल्यावर खांद्यावरचं घोंगडं दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचं, उंबऱ्याशी उकिडवं बसायचं, बिडी पेटवायची आणि मला म्हणायचं, "हां पोरा, आमच्या पलटनीपासनं चालू कर."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि पत्रकांवर वाढलो होतो. माझ्या काकांची एक ट्रंक होती, तिच्यात दारूबंदीपासून मंदिरप्रवेशापर्यंत सगळ्या चळवळींची पत्रकं होती. इतर मुलं गोष्टी वाचत त्या वयात मी 'बंधूंनो, जागे व्हा' वाचत होतो. अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जाई. आबांना याची गंमत वाटे. मी दिसलो की हाक मारीत, "काय पत्रकवाले, आज कुनाला बंद करताय?"

त्या पावसाळ्यात मी बिडी बंद करायला निघालो.

कारण खरं होतं. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिने खिडक्या बंद. वाचनालयाची एकच खोली, आत बारा-पंधरा माणसं, त्यांतली निम्मी बिडी ओढणारी. कन्याशाळेच्या बाई येत, दारातच पदराने नाक झाकीत, शिळा अंक मागून घेत आणि परत जात. त्यांना छातीचा त्रास होता. एकदा मी म्हटलं, "बाई, आत बसा ना." त्या म्हणाल्या, "बसले असते हो, पण मला श्वासही घ्यावा लागतो." ते वाक्य मला लागलं. जागा सार्वजनिक, पण निम्म्या गावाला उंबरठा ओलांडता येत नाही! मी ठराव लिहिला, आणि ठरावाच्या जोडीला एक पत्रकही.

सभेला खोली भरली होती. बाईही आल्या होत्या, खिडकीची फट उघडून तिच्याजवळ बसल्या होत्या. निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष होते. मी ठराव मांडताच चाँदभाई उठले. बाजारात त्यांचं गूळदाणीचं, म्हणजे गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचं, आणि तंबाखूचं दुकान.

"बिडीनं छाती बिघडते, कबूल," ते म्हणाले. "गूळदाणीनं दात बिघडतात. उद्या तीही बंद करा, म्हणजे मी दुकानात नुसतं बसून तुमची पत्रकं वाचतो."

लोक हसले. मी तापलो. "तुमच्या दातांनी माझे दात किडत नाहीत, चाँदभाई! तुमचा धूर माझ्या छातीत जातो!"

"मग तुम्ही थोडं लांब बसा."

"आणि बाईंनी कुठे बसायचं? रस्त्यावर?"

कुणी म्हणालं, उघड्यावर ओढू द्या. कुणी म्हणालं, मग व्हरांड्यात भिजायचं का? कुणी म्हणालं, बिडीशिवाय माणसं वाचनालयात येणारच नाहीत. गलका वाढला तेव्हा हेडमास्तरांनी उंबऱ्याकडे पाहिलं. "आबा, तुम्ही काहीच बोलत नाही?"

आबांनी हातातली बिडी जमिनीवर घासून विझवली, उरलेली कानामागे ठेवली.

"धुराचं मला इचारा," ते म्हणाले. "वाफेच्या इंजनाच्या वक्ताला आमी बोगद्यात काम करायचो. गाडी आली की भितीला चिकटून पालथं पडायचं, वल्लं फडकं तोंडावर. गाडी जायची, धूर जायचा न्हाई. माझ्या गँगचे दोगं त्याच धुरानं खोकून मेले. तवा पोरगं बोलतंय ते खरं हाय. बाईंनी का म्हनून पालथं पडावं? मी भाईर वडीन. बंद करा."

वाद तिथेच संपला. चाँदभाईसुद्धा म्हणाले, "आबाच म्हणतात तर माझा काय धंदा बुडतोय?" हात वर झाले आणि ठराव पास झाला.

मी खाली बसायला हवं होतं. आजही तो क्षण मला स्पष्ट दिसतो: हेडमास्तर टोपी उचलत होते, माणसं छत्र्या शोधत होती. पण माझ्या खिशात पत्रक होतं. तीन दिवस खपून लिहिलेलं, छापखान्यातून ताजं आलेलं. ते न वाचता घरी न्यायचं? मी म्हटलं, "थांबा, एवढं ऐकून जा." आणि उभा राहून वाचलं.

पहिला भाग बरा होता. सार्वजनिक जागा म्हणजे काय, दुसऱ्याच्या श्वासावर आपला हक्क कसा नाही, वगैरे. मग ते वाक्य आलं. ते लिहिलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो. 'ज्यांना एक अक्षर कळत नाही, ती माणसं वाचनालयात येऊन वाचणार तरी काय? आपल्याच बिडीचा धूर!' पुढच्या बाकांवरून हशा आला, एकदोन टाळ्याही पडल्या. मी त्या टाळ्यांकडे बघत होतो, म्हणून उंबऱ्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

वाचून संपलं तेव्हा आबा उभे होते. नेहमीसारखा त्यांनी निकाल दिला. "आक्खी बिडी." मग खिळ्यावरचं घोंगडं काढून खांद्यावर घेतलं आणि बाहेर पडले. मला वाटलं, ओढायला गेले.

दुसऱ्या दिवशी आबा आले नाहीत. त्या आठवड्यात आले नाहीत, पुढच्याही नाहीत. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "बघा, व्यसनाची ताकद! मुलाच्या बातमीपेक्षा बिडी मोठी ठरली." यावर दुसरं पत्रक लिहावं असंही डोक्यात होतं. बाई मात्र आता रोज येत, पुढच्या बाकावर बसत. एके दिवशी अंक परत देताना त्यांनी विचारलं, "ते आबा का येत नाहीत?"

"बिडी सुटत नाही, दुसरं काय?"

"तुमचं पत्रक मी घरी पुन्हा वाचलं," त्या म्हणाल्या. "पहिला भाग चांगला आहे."

मला राग आला. मी तडक चाँदभाईंच्या दुकानात गेलो, आबा रोज किती बंडलं नेतात ते विचारायला. पुरावा हवा होता मला! चाँदभाई गूळदाणी कापत होते. सुरी न थांबवता म्हणाले, "त्या सभेनंतर आबांनी माझ्याकडून एक बिडी नेलेली नाही. कानामागची होती ती जाताना माझ्या फळीवर ठेवली. म्हणाले, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

ती फळीच्या कोपऱ्यात अजून होती, अर्धी ओढलेली.

मग मला सगळं एकदम उलगडलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट आठवली. दीड महिन्यापूर्वी, आबा यायचे थांबले त्याच आठवड्यात, मी पाच वाजता एक बातमी वाचली होती: मराठी पलटणींना आघाडीवरून मागे आणून विश्रांती दिली आहे, नुकसान थोडं आहे. आबा दोन वर्षं ज्या बातमीसाठी उंबऱ्याशी बसले, तीच ती बातमी. आणि ती मी रिकाम्या उंबऱ्यापुढे वाचली होती.

तो शिळा अंक काढून मी भुशीला चालत गेलो. पाऊस ओसरत आला होता. आबा अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. त्यांनी आधी माझ्या चिखलाने भरलेल्या वहाणा बघितल्या, मग मला. "ये पोरा. बस."

मी बातमी वाचली. माझा आवाज नीट लागत नव्हता. आबांनी दांडा खाली ठेवला.

"परत वाच."

मी परत वाचली.

"म्हंजी धोंडू मागं आलाय."

"हो आबा. बहुतेक आलाच."

"ही आजची?"

मी खरं सांगितलं. आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी दीड म्हैना मी उगाच..." एवढं म्हणून त्यांनी दांडा परत हातात घेतला.

मी म्हटलं, "आबा, ते पत्रकातलं वाक्य..."

"खोटं न्हवतं ते. अक्षर मला येतंच न्हाई." ते शांतपणे म्हणाले. "पर मी काय वाचतो ते मला इचारायचं तरी. मी तुझा आवाज वाचायचो, पोरा. बातमी वंगाळ असली की शबुद यायच्या आदीच तुझा आवाज पडायचा. म्हनून मी येवढ्या लांबनं यायचो. दुसऱ्या कुनाचं मला कळायचं न्हाई."

निघताना, काहीतरी जुनं परत यावं म्हणून, मी विचारलं, "आबा, आजची बातमी किती बिड्यांची?"

"बिडी सुटली," ते म्हणाले. "आता कशानं मोजू?"

त्यांना परत या म्हणून मी दोनदा सांगितलं. ते "बघू" म्हणाले आणि आले नाहीत. मग मीच दर रविवारी भुशीला जाऊन वाचू लागलो. ते ऐकत, मान हलवत, चहा देत. निकाल मात्र पुन्हा कधी दिला नाही. पुढच्या वर्षी सरकारविरोधी पत्रकं वाटताना मी पकडला गेलो. सुटून आलो तेव्हा आबा गेले होते. धोंडू लढाईवरून धडधाकट परतला होता, पण बापाच्या नंतर. त्याने मला एकच विचारलं, "आमी मागं आलतो त्ये बाला कळलं हुतं का?" मी हो म्हटलं. किती उशिरा कळलं, ते सांगितलं नाही.

ठरावाची पाटी अजून वाचनालयात आहे, माझ्याच अक्षरातली. ती बरोबर आहे. उद्या कुणी ती काढायला निघाला तर मी पुन्हा भांडेन. बाई आता पाच वाजता वाचून दाखवतात, आणि ज्यांना अक्षर येत नाही ती माणसं पुढे बसतात. तो नियम त्यांनी केला.

मी अजून पत्रकं लिहितो. छापखान्यात देण्याआधी ती वाचनालयात उभं राहून एकदा मोठ्याने वाचतो. एखादं टाळी घेणारं वाक्य आलं की थांबतो आणि दाराकडे बघतो. खिळा आहे तिथे. त्याला कुणी काही अडकवत नाही.