मातीला नेलेली पिशवी

आमच्याकडे मातीला जाताना कुणी पिशवी घेत नाही. माणूस गेल्याचं कळलं की अंगावरच्या कपड्यानिशी निघायचं, माती देऊन त्याच पावली परत यायचं. पिशवी दिसली की बायका कुजबुजतात, ही राहायला आली की काय. मी मात्र घेऊन जाते. लहानशीच असते, एक लुगडं, टॉवेल, कंगवा, विभूतीची डबी. सुना वैतागतात. वैतागू देत.

पिशवी भरायला मला अप्पांनी शिकवलं, म्हणजे माझ्या वडिलांनी. तुरीच्या व्यापारात त्यांचं निम्मं आयुष्य देवणी, उदगीर, लातूर असं एसटीत गेलं, आणि हातात कायम एकच खाकी पिशवी. एक जोड अंगात, एक पिशवीत, तिसरा घेणारा माणूस येडा, असा त्यांचा हिशेब. चुलीवर चहाला उकळी येईपर्यंत पिशवी भरून झाली पाहिजे. लग्न होऊन मी नांदेडला निघाले तेव्हा माझ्या ट्रंकेकडे बघून म्हणाले, "ही सासरची. माहेराला येताना पिशवीच आण. जड काही आणलंस तर मला वाटंल, भांडून आलीस."

मग मी तशीच जात राहिले. शिरूर अनंतपाळजवळ आमचं गाव. अप्पा ओसरीवरूनच पिशवीचा अंदाज घ्यायचे आणि आईला सांगायचे, "दोन रात्री हाय बघ पोरगी." चुकायचे नाहीत.

लातूर जिल्हा नवा नवा वेगळा झाला त्या सुमाराची गोष्ट. पावसानं दडी मारलेली. अप्पांचं पोटाचं दुखणं सुरू होतं, लातूरला दाखवून घरी आणलं होतं. एका सकाळी आमच्या घराखालच्या किराणा दुकानात गावाकडून ट्रंक कॉल आला. दीर जिना चढून वर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, अप्पा सिरियस हायेत म्हणं. निघा लगेच."

तेव्हा फोनवर कुणी मेलं असं सांगत नसत. लांबचा प्रवास, वाटेत पोरीचं काही बरंवाईट व्हायला नको, म्हणून सिरियस सांगायचे. ऐकणारा काय ते समजून घ्यायचा. मला समजायचं नव्हतं. मी खुंटीवरची पिशवी काढली, लुगडं टाकलं, कंगवा टाकला, अप्पांसाठी चार मोसंब्या टाकल्या. सासू मागून आली. एरवी कडक बाई, पण तिनं हळूच माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि परत खुंटीला अडकवली. "राहू दे गं," म्हणाली. "आता पिशवी कशाला?"

माझे वडील गेल्याचं मला असं कळलं.

नवरा सोबत होता. अहमदपूरला गाडी बदलायची होती, तिथं त्यानं हार घेतला, कागदात गुंडाळून काखेत धरला. मला काहीच वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. खिडकीतून नुसतं बघत होते. कोरडे ओढे, टँकरची वाट बघणारे हंडे, बैलगाडीवर रिकामी पिंपं. हात मांडीवर ठेवले की मोकळे मोकळे वाटायचे, तेवढंच काय ते जाणवत होतं.

लेक मातीला आली की गल्लीच्या कोपऱ्यापासून रडत जायचं असतं. कोपरा आला. नवरा हळूच म्हणाला, "रड की." मला रडू आलं नाही. मी तशीच चालत राहिले.

दारात माणसं नव्हती. आत शिरले तर ओसरीवर बाज, आणि बाजेवर अप्पा. पार वाळले होते, पण उशीला टेकून बसले होते. फोन करणाऱ्यानं सिरियस सांगितलं होतं, आणि अप्पा खरोखर सिरियसच होते.

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. नांदेडहून येता येता मी मनात त्यांना पुरून आले होते, आता हे समोर बसलेत त्यांचं काय करायचं, तेच कळेना.

"आलीस का माय," अप्पा म्हणाले. मग सवयीनं त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. एका हाताकडे, मग दुसऱ्या. "पिशवी कुठाय?"

"घाईत राहिली."

"तू विसरलीस?"

मी हात पदराखाली घेतले. नवरा पाठीमागं हार लपवून गोठ्याकडे सरकला. दावणीला आमची देवणी गाय होती, चाऱ्यावाचून बरगड्या निघालेली. तिनं हार कागदासकट ओढला, नुसता दोरा उरला.

अप्पांनी आईला हाक मारली. "हिला तुझं एक लुगडं काढून दे. राहू दे तिला. लई दिवस न्हाई लागायचे."

मी राहिले. आईच्या लुगड्यात वावरले, तांब्याभर पाण्यात त्यांचं अंग पुसलं. अधूनमधून ते थट्टा करायचे, "जिल्हा तर आला, आता पाणीबी येईल." पिशवीचं नाव परत काढलं नाही. मी सासूला बोल लावला नाही, दिराला नाही. सगळे रीतीनंच वागले होते.

तो आठवडा संपायच्या आत अप्पा गेले. लातूर, उदगीरहून अडतवाले आले, सोयरे आले. मी दाराशी बसून येणाऱ्यांचे हात बघत होते. सगळे रिकामे. बरोबरच होतं. ज्यांच्यासाठी सगळे आले होते त्या अप्पांना आता ते हात दिसणार नव्हते. मी आले तेव्हा त्यांना माझे दिसले.