पिवळ्या स्टिकरचं दूध

महाळुंग्यात ज्या घरांच्या समोर आता कंपनीची भिंत आहे, त्यांतल्या एका घराच्या मागे अजून दोन म्हशी बांधलेल्या असतात. भिंतीच्या पलीकडे गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, अलीकडे दूध. तपासणी दोन्हींची होते. दूध डेअरीवाला तपासतो. सुटे भाग तपासायला या घरची सून सोनल पलीकडे जाते. आपल्या मालाच्या बाबतीत दोघंही कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, अशी त्यांची गावात ख्याती आहे.

सोनल क्वालिटी खात्यात आहे. त्या खात्याचा धर्म एका शब्दात सांगता येतो: होल्ड. एखाद्या मालाबद्दल शंका आली की त्याला पिवळं स्टिकर लावून बाजूला ठेवायचं. तो पुढे जाऊ द्यायचा नाही आणि फेकायचाही नाही. जाणकार माणूस येऊन निकाल देईपर्यंत माल तिथेच थांबणार. ही पद्धत सोनलने घरातही आणली. फ्रिजमधल्या कालच्या आमटीवर पिवळं स्टिकर असतं. स्थळं बघतानाही तिने हेच केलं असणार, असं तिचा नवरा गोरक्ष चारचौघांत सांगतो. स्वतः किती महिने होल्डवर होता, ते मात्र सांगत नाही.

लेक झाल्यापासून सोनल रजेवर होती. लेकीचं नाव बारशाला शर्वरी ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला ठकी म्हणू लागले. ठकी चार महिन्यांची, अंगावर पिणारी, दुसरं काही न चाखलेली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका सकाळी सोनलला थंडी वाजून ताप भरला. छातीची डावी बाजू लाल झाली, कडक झाली आणि हात लावू देईना.

चौकातल्या डॉक्टरांकडे गर्दी होती. सोनलने ताप शब्दांत सांगितला आणि दुखणारी जागा खाली बघून. डॉक्टरांना कळलं. त्यांनी तापाची गोळी दिली, जंतू मारायची गोळी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पाजू का, हा प्रश्न सोनलच्या ओठांवर होता. पण तोवर तिच्या स्टुलावर दुसरी बाई बसू लागली होती.

औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद वाचणारी माणसं जगात थोडी असावीत. सोनल त्यांतली. अंगावर पाजणाऱ्या आयांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, असं त्यात लिहिलं होतं. कागद ‘नको’ म्हणत नव्हता, ‘विचारा’ म्हणत होता. पण सोनलच्या खात्यात उत्तर येईपर्यंत माल थांबतो.

तिने आधी घरात विचारलं.

“मी काय सांगणार?” शिफ्टवरून आलेला गोरक्ष बूट काढता काढता म्हणाला. “क्वालिटीवाली तू. मी फोर्कलिफ्टवाला, सांगशील तिथं उचलून ठेवतो.”

सासूबाई, म्हणजे रतनबाई, यांच्याकडे मात्र उत्तर तयार होतं. दुधात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“म्हशीला सुई टोचली तर डेअरी तिचं दूध घेती का? न्हाई घेत. मानसाला चालत न्हाई, आन् लेकराला चालंल व्हय?”

गोष्ट पटण्यासारखी होती. भिंतीच्या दोन बाजूंची दोन खाती, एकमेकांना न विचारता, एकाच निकालावर आली होती. असं कंपनीतसुद्धा सहसा घडत नाही.

दूध होल्डवर गेलं.

रतनबाई म्हणाल्या, “पिळून झाडाच्या बुडाशी ओत.” सोनलने ऐकलं नाही. होल्ड म्हणजे फेकणं नव्हे. तिने बाटल्या उकळून घेतल्या, हाताने जमेल तेवढं दूध काढलं, बाटलीवर पिवळं स्टिकर लावलं, त्यावर तारीख-वार घातला आणि ओळीने फ्रिजमध्ये ठेवलं. चहाच्या वेळी सासरे, बाळाजी, यांनी सवयीने फ्रिज उघडला.

“मामा, त्याला हात लावू नका!”

“का? नासलंय व्हय?”

“नाही. चांगलंही असेल.”

“मंग?”

“नक्की माहीत नाही, म्हणून ठेवलंय.”

बाळाजींनी बाटलीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि ते गोठ्यात गेले. निदान तिथे कशावर स्टिकर नव्हतं.

आता ठकीचं काय? मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबा आला. वाटी-चमच्याने तिला ते भरवायला घेतलं. पहिला चमचा ठकीने तोंडात धरला, विचार केला आणि गोरक्षच्या युनिफॉर्मवर परत केला. दुसऱ्या चमच्याला विचारही केला नाही. रतनबाईंनी म्हशीच्या दुधात पाणी घालून द्यायचा प्रस्ताव मांडला.

“आत्या, सहा महिन्यांच्या आत नको म्हणतात ते.”

“गोरक्षाला दिलंच की मी.”

दोघींनी गोरक्षकडे पाहिलं. त्याने विषय बदलला.

संध्याकाळपर्यंत ठकीचं रडणं कंपनीच्या भोंग्यासारखं झालं, फक्त भोंगा थांबतो. दर रडण्याला सोनलच्या छातीत कळ येई, दूध दाटे, आणि काढायला बसलं की दुखण्यामुळे थेंब थेंब येई. उतरलेला ताप दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला, आणि उजव्या बाजूचं दूधही कमी वाटू लागलं. आता सोनलला भीती गोळीची राहिली नव्हती. दूध आटलं तर? आणि लेकीने अंगावर पिणंच सोडलं तर?

रतनबाईंनी न विचारता हात लावून पाहिलं.

“दगडी हाय ही,” त्या म्हणाल्या. म्हशीची कास सुजून दगडासारखी होते, त्या रोगाचं हे नाव. “ह्यात दूध तुंबू द्यायचं न्हाई. तुंबलं की कास हातची गेली.”

“पण काढून काढून निघत नाही, आत्या.”

“तेच तर म्हनते. चल, दुसऱ्या डाक्टरकडं.”

चाकणला लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, निशिगंधा नावाच्या. ठकीचे डोस त्याच देत. बाळाजी म्हशींपाशी थांबले. बाकीचे निघाले: गोरक्ष गाडी चालवायला, रतनबाई साक्षीला, आणि सोनलच्या पिशवीत औषधाचं पाकीट आणि नमुन्यादाखल पिवळ्या स्टिकरची एक बाटली, बर्फात ठेवलेली. कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर ठकीने आपला आवाज हॉर्नच्या वर नेऊन दाखवला.

डॉक्टर निशिगंधांनी सोनलला पडद्यामागे नेऊन तपासलं, गोळी पाहिली आणि बाटली उजेडात धरली.

“हे काय आहे?”

“होल्ड केलंय, मॅडम.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

सोनलने कागद सांगितला, खातं सांगितलं, डेअरी सांगितली. डॉक्टर न हसता ऐकत होत्या. त्यासाठी त्यांना पेन तोंडात धरावं लागलं होतं.

“ही गोळी चालते,” त्या म्हणाल्या. “दुधात उतरते, पण अगदी थोडी. हिच्या जातीचं औषध गरज पडली तर मी ठकीलाच देते, आणि ते याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. ठकीला पातळ शी झाली किंवा अंगावर पुरळ आलं तर मला दाखवा. तापाची गोळीही चालते. तुमच्या दुधाने तिला ताप येणार नाही. पाजणं बंद केलंत, तिथे गडबड झाली. दूध साचलं, म्हणून सूज वाढली.”

“सगळीच औषधं चालतात?” सोनलने विचारलं. शंका हा तिचा पेशाच.

“नाही. थोडी आहेत जी अजिबात नको. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे बसल्या बसल्या पहिलं वाक्य म्हणायचं: मी अंगावर पाजते. मागे कितीही रांग असू दे. आणि मनाने गोळी घ्यायची नाही, मनाने बंदही करायची नाही.”

रतनबाई इतका वेळ थांबल्या होत्या, हे त्यांच्या मानाने पुष्कळच.

“मंग डेअरीवाला आमचं दूध म्हागारी का धाडतो?”

“आजी, ते दूध शेकडो घरांत जातं. तिथं ते औषध कुणी मागितलेलं नसतं. आणि औषधाच्या दुधाला विरजण लावलं तर?”

“लागत न्हाई धड.”

“बरोबर. पण तुमच्या नातीला दही लावायचं नाहीये.”

डेअरीच्या नियमाला कारण असतं, हे रतनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं.

“आणि दगडी म्हणालात ते खरं आहे,” डॉक्टर पुढे म्हणाल्या. “दूध तुंबू द्यायचं नाही, हेही खरं. फक्त दाबून पिळून काढू नका, त्याने सूज वाढते. ते काम जिला येतं ती बाहेर रडतेय. दोन्ही बाजूंनी पाजायचं, तिला हवं तेव्हा. पाजून झाल्यावर गार कापड ठेवा. एक-दोन दिवसांत गाठ उतरली नाही, तर परत या. पू झालाय का ते बघावं लागेल.”

“आणि फ्रिजमधलं?”

“उकळलेल्या बाटल्यांत, गार ठेवलंय, कालचंच आहे. चालेल. आता घ्या तिला.”

गोरक्षने ठकीला आत आणलं. सोनल कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसली, पदर ओढला आणि दुखरी बाजूच पुढे केली. ठकीने तोंड लावलं, एक घोट घेतला आणि सोडलं. कपाळाला आठ्या घालून तिने आईकडे पाहिलं. अगदी सोनल सुट्या भागाकडे बघते तसं.

सोनलने मान मागे वळवली. “सोडलं, मॅडम. नको म्हणतेय.”

“चव बदलते. सुजलेल्या बाजूचं दूध थोडं खारट होतं. दोष नाही तो. थांबा जरा, घाई करू नका.”

खारट? सोनलने एक थेंब बोटावर घेऊन चाखला. खरंच, पिठल्यात मीठ किंचित जास्त पडावं तसं. मग तिने बोट सासूपुढे केलं. रतनबाईंनी हयातभर दूध चाखून पारखलं होतं. त्यांनी जिभेला लावलं आणि मान हलवली.

“व्हय की. म्हशीचं पन असंच व्हतं.”

तेवढ्यात ठकीने पुन्हा तोंड लावलं. एक घोट, मग थांबली. मग दुसरा. मग तिने मूठ आईच्या पदरात रुतवली आणि आवाज करत ओढू लागली. सोनलला आधी चमकून कळ आली. पण तिने दात आवळले आणि बाजू बदलली नाही. थोड्या वेळाने कडकपणा सैल पडू लागला, तसे तिचे खांदे खाली आले.

रतनबाई वाकून बघत होत्या.

“खारट हाय, तरी पितीय कशी गं ही?”

बोललं की अंग हलतं, आणि या घडीला सोनलला काही हलू द्यायचं नव्हतं. मोकळ्या हाताने तिने शेजारच्या टेबलावरच्या बाटलीचं पिवळं स्टिकर तेवढं सोलून काढलं.